पानाच्या तळाची खुर्ची

सुतार दुरुस्त केलेल्या खुर्च्यांवरचा आपला ब्लॉग कारखान्यातल्याच जुन्या कॉम्प्युटरवरून चालवायचा. "तुझं पान उघडेस्तोवर माझी भाजी चिरून होते," म्हणत आत्या दरवेळी अर्ध्यातच नाद सोडायची.

शेवटी एका रविवारी सकाळी तो हट्टालाच पेटला. फोटो अवाढव्य होते. त्याने दोनशेच्या दोनशे फोटो लहान करून पुन्हा चढवले आणि आत्याला फोन लावला.

"आता उघड बघू."

"अगोबाई, लगेच उघडलं की." वाचत वाचत ती पानाच्या तळाशी पोचली आणि थबकली. "ही आमच्या ह्यांची झुलती खुर्ची ना? टाकून दे म्हटलं होतं मी."

"नाही टाकली. वर्ष झालं, तू खाली पोचायची वाट बघतोय."

"मग घेऊन ये की, मेल्या," डोळे पुसत आत्या हसली.

दुपारी खुर्ची टेम्पोत चढली.