बारावं नाव

धोंडुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले आणि कान भिंतीला लावला. पलीकडं शिरगणतीचा केतन मास्तर आला होता आणि बनाबाई, तिची धाकटी जाऊ, घरातली नावं सांगत होती. ती पण कशी, सगळ्या कोडोली गावाला ऐकू जाईल अशी.

नवरा, दोन लेक, दोन सुना. मग नातवंडं. धोंडुबाई एकेक बोट मिटत गेली. पाच नातवंडं! मेलीला देवानं द्यायचं तरी किती? ही मधली भिंत धोंडुबाईनंच हट्टानं घालून घेतली होती, बनाबाईच्या दुसऱ्या लेकाच्या बारशानंतर महिन्याभरात. हिचा एकच लेक, सम्राट. पुढं पाळणा हललाच नाही. भिंत झाली, पण आवाज थांबले नाहीत. पलीकडं पोरं खिदळली की हिचा जीव जळायचा. नवरा गेल्यावर तर जास्तच.

शेवटचं नाव टीव्हीच्या दणक्यात ऐकूच आलं नाही.

"म्हंजे एकूण बारा," मास्तर म्हणाला.

बारा? धोंडुबाईनं बनाबाईला धरून पुन्हा मोजलं. अकराच भरत होते.

तेवढ्यात केतन मास्तर मोबाईल घेऊन हिच्याच दारात उभा राहिला.

"आक्का, एक विचारायचं हुतं—"

"विचारताय काय, लिव्हा. चार माणसं. मी, सम्राट, सून आन् नात."

"सम्राट हितंच असतोय?"

"पुण्याला. पर घर ह्येच की त्याचं!"

"मग त्यास्नी तिकडं मोजत्यात, आक्का. देशात एकशेचाळीस कोटींच्या वर माणूस हाय. कोण दोनदा आलं तर आकडाच चुकंल."

एवढ्या कोटींत आपण एकटी, आणि तिच्या घरात बारा! धोंडुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला नियम सांगताय व्हय? आन् तिला? तिच्यात अकराच माणसं हायती, मी मोजल्यात. बारावं खोटं हाय. खोडा त्ये!"

"खोडू?"

"खोडा म्हंते न्हवं!"

मास्तर जरा घुटमळला.

"बारावं नाव तुमचंच हाय, आक्का."

"माझं?" धोंडुबाईनं विचारलं.

"त्या म्हणाल्या, जावंचं नाव आमच्यातच घ्या, चूल एकच हाय. एका चुलीवर जेवणारं ते एक कुटुंब, असा नियमच हाय. म्हणून विचारायला आलतो. चूल एकच हाय का येगळी?"

फळीवर झाकलेली वाटी होती. बनाबाईची नात रोज सकाळी कालवण आणून ठेवायची आणि धोंडुबाई रोज 'मीठ जास्त झालंय' म्हणत वाटी पुसून खायची. भाकरी मात्र स्वतःची. ती आता तव्यावर करपत होती. मास्तरला वास आला असणार. त्यानं आत बघितलं आणि मोबाईलमध्ये मान घातली.

धोंडुबाईनं जाऊन गॅस बंद केला. परत दारात आली.

"एकच हाय," ती हळूच म्हणाली.

मास्तर निघाला, तशी तिनं त्याला थांबवलं. भिंतीकडं तोंड करून आवाज चढवला.

"पर बारावं कशापायी? मी थोरली हाय! पोराटोरांच्या मागं घातलंय मला. वर घ्या."