निळ्या डबीतली प्लेट

दातांच्या डॉक्टरांबद्दल मला कुणी विचारू नये. विचारलंत तर मी बोलणार, आणि मग वाईट मीच होणार. सव्वीस वर्षं मी त्यांच्यासाठी प्लेटा बनवतेय. ते पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, मी त्यात प्लास्टर ओतते, तारा वाकवते, टाळूला बसेल असं गुलाबी ॲक्रिलिक घासून गुळगुळीत करते. प्लेट बसली की डॉक्टरांचा हात चांगला. नाही बसली की लॅबवालीने घोळ घातला. आमच्या कोपऱ्यावर दुसरी एक लॅब आहे, तिच्या प्लेटा बसतात त्या केवळ देवाच्या कृपेने, पण तिलाही कामं मिळतात. डॉक्टरांची पारख ती एवढीच.

म्हणून भाचीसाठी नवी डॉक्टर शोधली तेव्हा मी म्हटलं, मी सोबत येणार. वहिनीने तोंड वाकडं केलं. दादाने नेहमीप्रमाणे "मी गाडी लावून येतो" म्हटलं आणि तो तासभर गाडीच लावत बसला. माझ्या भावाला घरातल्या कुठल्याही प्रश्नावर एकच उत्तर सुचतं, पार्किंग.

भाचीला लहानपणी सगळे बडबडी म्हणायचे. आता ती एकोणीस वर्षांची आहे आणि तोंडावर हात ठेवून बोलते. तिच्या मागच्या दाढा मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. मधल्या फटीतून पेन्सिल आरपार जाते. याला ओपन बाइट म्हणतात. ब्रेडचा साधा तुकडा तिला पुढच्या दातांनी तोडता येत नाही. कडेच्या दाढांनी ओरबाडावा लागतो, म्हणून पोरगी चारचौघांत खातच नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतभर स्क्रीन, कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे. बाईंचं वय असेल तिशीचं. मी मनात म्हटलं, मासे पाळायला वेळ आहे म्हणजे पेशंट बेताचेच असणार.

"चार रस्ते आहेत," बाई म्हणाल्या. "एक, दातांवर बसणारे पारदर्शक ट्रे. दिवसातले बावीस तास घालायचे."

"ही पोरगी नेलेली छत्री घरी परत आणत नाही," मी म्हटलं. "ट्रे सांभाळतेय!"

"दुसरा, तारा लावून रबर बँडने पुढचे दात ओढून आणायचे."

ओढतात हो. ओढतात, फोटो काढतात, फोटो भिंतीवर टांगतात. दोन वर्षांनी दात परत आपल्या घरी गेलेले असतात, फोटो मात्र भिंतीवरच. हेही मी बोलून दाखवलं. वहिनीने मला कोपराने ढोसलं.

"तिसरा, हाडात बारीक स्क्रू बसवून मागच्या दाढा वर दाबायच्या. दाराखाली अडकलेला खडा काढला की दार मिटतं ना, तसा मग खालचा जबडा मिटतो. आणि चौथा, ऑपरेशन. वरचा जबडा कापून वर बसवायचा."

बडबडीचा हात तोंडावरून गळ्याशी आला.

"एक्स-रे बघून ही केस काठावरची वाटते," बाई म्हणाल्या. "मी स्क्रूच म्हटलं असतं. पण तुमच्या जुन्या डॉक्टरांची फाइल वेगळं सांगते." त्यांनी वाचून दाखवलं. "वय नऊ. गिळताना जीभ पुढच्या दातांमध्ये घुसते. जिभेसाठी पिंजरा दिला. एक वर्ष वापरला. फरक नाही." त्यांनी फाइल खाली ठेवली. "वर्षभर जीभ तारांच्या कुंपणामागे अडवून ठेवली आणि तरी फट मिटली नाही, म्हणजे दोष जिभेचा नाही, हाडाचा. मग स्क्रूंमध्ये दोन वर्षं घालवून शेवटी कापायचंच, त्यापेक्षा सरळ ऑपरेशन केलेलं बरं. पिंजरा वर्षभर नक्की घातला होता ना?"

"एक दिवस चुकवला नाही," वहिनी ताठ बसून म्हणाली. "झोपवताना मी रोज टॉर्च घेऊन बघायची."

बडबडीने माझ्याकडे पाहिलं. मी माशांकडे पाहिलं.

पुढचं मला अर्धंच ऐकू आलं. सहा आठवडे पातळ खाणं. वरचा ओठ काही महिने बधिर, एखाद्याचा कायमचा. "गुरुवारी या, तारीख ठरवू."

आता ऐका. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो पिंजरा मीच बनवला होता. टाळूची प्लेट, आणि तिला पुढच्या दातांमागे खाली उतरणाऱ्या सहा तारा. जिभेने पुढे यायचं म्हटलं तरी येता येऊ नये असं काम. पहिल्या आठवड्यात बडबडीचा "स" गेला, "च" गेला. शाळेत पोरं नकला करायला लागली. बडबड थांबली. ती माझ्याकडे सुट्टीला आली आणि माझ्या टेबलाखाली बसून रडली. मला वहिनीचा असा संताप आला! काय बाई ही, पोरीच्या तोंडात पिंजरा घालून टॉर्च मारत बसते, जेलर कुठली. दोन महिन्यांत सवय होते, "स" परत येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. शंभर पोरांच्या प्लेटा केल्या होत्या मी. पण ती पोरं माझ्या टेबलाखाली बसून रडली नव्हती.

प्लास्टरचा साचा माझ्याकडेच होता. मी दुसरी प्लेट केली. तोच रंग, पुढे तशीच तार, मागे तशाच सहा तारा, फक्त आखूड आणि टाळूला चिकटवून वाकवलेल्या. जीभ त्यांच्यावरून खुशाल पुढे जायची. टॉर्च घेऊन बघणाऱ्या आईला फरक कळणं शक्यच नव्हतं. डॉक्टरला कळला असता, म्हणून डॉक्टरच्या दिवशी खरी घालायची, निळ्या डबीतली. बाकी रोज खोटी, लाल डबीतली. "आईला सांगितलंस तर ती तुला माझ्याकडे पाठवणार नाही," असं मी त्या लेकराला बजावलं. पोरगी परत बोलायला लागली, माझ्या गळ्यात पडली. मला तिची लाडकी आत्या व्हायचं होतं आणि वहिनीवर मात करायची होती. दोन्ही झालं.

वर्षानंतर जुन्या डॉक्टरने हात टेकले. आणि मी? मी दहा वर्षं, घरात चार माणसं जमली की वहिनीला ऐकवत आले, "पोर चार वर्षांची होईस्तोवर दुधाची बाटली तोंडात दिलीस, भोग आता फळं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

त्या दिवशी परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, "तू म्हणायचीस तेच खरं. ती बाटलीच नडली." तिचे डोळे भरले होते. एरवी मी यावर दोन वाक्यं तरी टाकली असती. मी खिडकीची काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी बडबडी लॅबमध्ये आली. स्टूल ओढून बसली आणि दोन डब्या माझ्यासमोर ठेवल्या, एक लाल, एक निळी.

"जपून ठेवल्यास?" मी विचारलं.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"इतकी वर्षं का नाही बोललीस गं?"

"तूच नको म्हणाली होतीस. मी नऊ वर्षांची होते, आत्या."

"आणि नंतर?"

"नंतर वाटलं, तू सांगशील. मोठी तू होतीस ना."

मी आधी लाल डबी उघडली, मग निळी. लाल डबीतली प्लेट पिवळी पडली होती, तिच्यावर दातांचे ओरखडे होते. ही मात्र कालच घासून काढल्यासारखी. सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर वर्षात बारा वेळा घातलेली, तीही तासाभरापुरती. तारा सहाच्या सहा सरळ. असं सुरेख काम मी नंतर फार वेळा केलं नाही.

"मी डॉक्टरीणबाईंना फोन करते," मी म्हटलं. "त्यांना कळलं म्हणजे झालं. वहिनीला कशाला उगीच..."

"माझा जबडा कापणारेत," ती म्हणाली. हात तोंडावर नव्हता. "मला भीती वाटते गं, आणि तू अजून आईला घाबरतेस? आईसमोर सांग."

मी वहिनीला घाबरते? उभ्या आयुष्यात मला असं कुणी बोललं नव्हतं. आणि खरं होतं ते.

गुरुवारी मी दोन्ही डब्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उघडून ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. दादा त्या दिवशी नेमका आत आला होता. बाईंनी एकेक प्लेट उचलून उजेडात धरली.

"दोन्ही तुम्हीच केल्यात?"

"दोन्ही."

"म्हणजे हिची जीभ धड अडवलीच गेली नाही." त्यांनी ऑपरेशनचा कागद बाजूला सारला. "मग मी आधी कापणार नाही. दाढांसाठी स्क्रू लावू. जिभेला पक्का पिंजरा, दाढांना चिकटवलेला, काढता न येणारा. शिवाय गिळण्याचे व्यायाम. हमी देत नाही, पण वर्षभरात कळेल. कदाचित ऑपरेशन लागणारही नाही."

बडबडी हसली. दात दिसले, फट दिसली, तिला भान नव्हतं. माझा जीव असा भांड्यात पडला की मी पर्समधून वही काढली आणि पेन उघडलं. "दाढांची मापं सांगा," मी बाईंना म्हटलं. "परवा पिंजरा तुमच्या हातात देते. असं काम दुसरं कुणी करून दाखवावं."

वहिनीने टेबलावरची पिवळी पडलेली प्लेट उचलली होती. आखूड तारांवरून ती अंगठा फिरवत होती.

"हीच मी रोज बघायची," ती म्हणाली. "टॉर्च लावून."

"वहिनी, चुकलं माझं."

"दहा वर्षं मला बाटलीवरून बोललीस तू."

दादाने गाडीची किल्ली चाचपली, पण तो उठला नाही. वहिनीने प्लेट डबीत ठेवली, डबी बंद केली आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"पिंजरा कुठेही करून घ्या," ती म्हणाली. "हिच्याकडे नको."

बाईंनी एकदा माझ्या उघड्या वहीकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून आमच्या कोपऱ्यावरच्या त्या दुसऱ्या लॅबचा फॉर्म काढला आणि त्यावर मापं लिहायला घेतली.