चार बोटं खाली

"काका, पट्टी सरळ धरलीय ना?"

पेंटरने मोजपट्टी आपल्या वहिनींच्या दाराच्या चौकटीला आणखी घट्ट दाबली. चौकटीच्या वरच्या लाकडाशी, हात उंच करून जेमतेम पोचता येईल अशा जागी, लाल रंगाची वीतभर रेघ होती.

"सरळच आहे, मॅडम."

"मग हे भलतंच काय येतंय?" मोजणीला आलेल्या बाई तीन पायांच्या यंत्राला पुन्हा डोळा लावून वाकल्या. वय तिशीच्या आतलंच, उन्हाने नाक सोललेलं. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा उभ्या उभ्याच प्यायलं होतं.

जिल्ह्याचा पुराचा नकाशा करायचा होता. कुठलं घर आधी रिकामं करायचं, भोंगा कधी वाजवायचा, माणसं कुठे हलवायची, सगळं त्यावर ठरणार होतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पुरात कुणाच्या दारी किती पाणी चढलं, ते भिंतीवरच्या लाल रेघा सांगत होत्या. त्या पेंटरनेच काढलेल्या, आणि दर वर्षी पावसाच्या आधी त्यानेच नव्याने रंगवलेल्या. म्हणून नगरपालिकेने त्याला बाईंच्या दिमतीला दिला होता. गल्लीत बारा दारं, बारा रेघा. अकरा मोजून झाल्या होत्या आणि अकराही पातळीला एकमेकींशी दोन बोटांच्या फरकाने जुळल्या होत्या. इतकं नेटकं काम मी कुठे पाहिलं नाही, असं बाई म्हणाल्या, तेव्हा पेंटर उगाचच डब्यातला रंग ढवळत बसला होता.

"चार फुटांच्या वर फरक पडतोय," बाई म्हणाल्या. "एकाच गल्लीत? असं कसं होईल?"

"सोडा हो ती रेघ!" औषधवाला म्हणाला. त्याचं दुकान गल्लीच्या उताराच्या टोकाला, नदीकडे. पण दुकान सोडून तो सकाळपासून यांच्या मागे मागे फिरत होता, जणू मोजणी त्याच्या घरचं कार्य होतं. "पाचामुखी परमेश्वर म्हणतात मॅडम. इथं तर अकरा आहेत."

बाई हसल्या. "आमचा नियमही तसाच आहे. अकरा जुळल्या आणि एक नाही जुळली, तर ती एक सोडायची."

पेंटरने पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली. बोलणार काय, कपाळ!

पहिल्या वर्षी सगळ्या रेघा खऱ्या होत्या. भिंतीवरचा चिखल ओला असतानाच त्याने त्याच्या वरच्या कडेवरून ब्रश फिरवला होता. पुढच्या वर्षी औषधवाल्याने भिंत नव्याने रंगवली आणि म्हणाला, "पेंटर, जरा चार बोटं खाली घे रे. भाडेकरू रेघ बघून दारातूनच परत जातात." चार बोटांनी काय होतंय, असं म्हणत पेंटरने ती खाली घेतली. दुसऱ्या दिवशी शेजारचा शिंपी हजर. "का रे बाबा, पाणी काय माणूस बघून चढतं होय? त्याच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त?" म्हणणं बरोबरच होतं. त्याचीही चार बोटं उतरली. संध्याकाळपर्यंत अकराही घरांचं पाणी चार बोटं ओसरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुणाच्या मुलीचं जमत होतं, कुणाला घर विकायचं होतं, कुणाला नुसती ती रेघ डोळ्यांसमोर नको होती. खोटं बोलूया असं एकदाही कुणी म्हणालं नाही. फक्त चार बोटं. ऑफिसातून कुणी आलंच तर रंग ताजा आहे की नाही एवढं बघून जायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. वरच्या टोकाला डोक्यावर गेलेलं पाणी आता गुडघ्याशी आलं होतं.

वहिनींनी मात्र खाली घ्या असं कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही. त्यांच्या दारात दर वर्षी त्याला स्टूल लागायचं. वहिनी ते आधीच पुसून ठेवायच्या.

आताही त्या दारात आल्या. पदराला हात पुसत त्यांनी यंत्राकडे पाहिलं.

"आजी, तुमच्याकडे पाणी खरंच इतकं वर आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"आलं होतं की."

"आणि बाकीच्यांकडे?"

वहिनींनी दिराकडे पाहिलं. "बाकीच्यांचं मी काय सांगू, पोरी? मी दोन लेकरं घेऊन माळ्यावर होते. ह्यांनीच चढवलं आम्हाला. मग पलीकडच्या म्हातारीची हाक आली म्हणून खाली उतरले." त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. "बस, तुला पाणी आणते."

त्या आत वळल्या तसा औषधवाला बाईंच्या जवळ सरकला. आवाज त्याने खाली आणला, पण पुरेसा नाही.

"नवरा गेला ना तिचा त्या पुरात. म्हणून ती रेघ तशी. दुःखाची रेघ आहे ती, पाण्याची नाही. आणि खरं सांगू का, प्यायलेला असणार तो. नाहीतर गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस बुडतो का हो?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पेंटरच्या हातातली पट्टी चौकटीवरून सरकली.

दादा सहा फुटी. गल्लीतल्या प्रत्येक दारातून वाकून जाणारा. दारू सोडा, पेंटरच्या खिशात विडी सापडली म्हणून त्याने एकदा आठ दिवस अबोला धरला होता. तो गेला तेव्हा हाच औषधवाला ढसाढसा रडला होता. देवमाणूस गेला, म्हणाला होता. मग रेघा छातीपर्यंत उतरल्या, तेव्हा लोक म्हणायला लागले, बिचाऱ्याला पोहता येत नसेल. कमरेपर्यंत उतरल्या, तेव्हा म्हणाले, पाय घसरला असेल. आणि आता गुडघ्याशी आल्यावर दादा दारुडा झाला. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणून पेंटरने इतकी वर्षं ते ऐकून घेतलं होतं. हे बोलणं कुठून निघालं, ते त्याला आज कळलं. त्याच्याच ब्रशातून. त्याची त्याला इतकी शरम वाटली की पट्टी नीट धरायचंही सुचेना.

वहिनी तांब्या घेऊन आल्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

बाईंनी गुडघ्यावर कागद पसरला. "हे बघा आजी. ही तुमची गल्ली. ही शाळा. शाळेचा हॉल रेघेच्या चार बोटं वर येतोय. तीनशे माणसं राहतील तिथे. आता पूर आला तर माळ्यावर बसून राहायचं नाही हं. भोंगा वाजला की सरळ शाळेत जायचं."

"शाळेत पाणी येत नाही?"

"या रेघांप्रमाणे नाही येत."

वहिनींनी कागदाकडे पाहिलंच नाही. "येत नाही का हो, भावजी?"

पूर ओसरल्यावर शाळेचे सहाही फळे पेंटरनेच काळे केले होते. चिखल फळ्यांच्या निम्म्यावर चढला होता. हॉलमधल्या फळ्याशेजारच्या खिळ्याला नदीतलं गवत लोंबत होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं. खिळा उभ्या माणसाच्या छातीशी होता. त्या हॉलमध्ये तीनशे माणसं चटया टाकून बसलेली त्याला दिसली. मध्ये वहिनी, कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन.

"सांग की, पेंटर," औषधवाला म्हणाला. त्याची नजर मात्र सांगू नकोस म्हणत होती.

पेंटरने घसा खाकरला. मग डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं.

"आणि काका, एक काम करा," कागद गुंडाळता गुंडाळता बाई म्हणाल्या. "ही रेघ पुसून बाकीच्यांच्या मापात खाली घ्या. उगाच लोकांचा गोंधळ नको."

कुणी काही बोलायच्या आत वहिनी आत गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या. पुसलेलं होतं. त्यांनी ते उंबऱ्याशी ठेवलं.

"घ्या, भावजी. शिकलेली माणसं सांगतात म्हणजे बरोबरच असेल. पुसा." त्यांनी पदर नीट केला. "एवढंच सांगा मला. गुडघाभर पाण्यात ते गेले कसे?"

औषधवाला एकदम चपलेशी चाळा करायला लागला.

पेंटरने स्टूल उचललं. पण तो चढला नाही. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश, असा तो गल्लीच्या उताराकडे निघाला.

"मॅडम, यंत्र तिथंच राहू द्या," त्याने चालता चालता ओरडून सांगितलं. "वहिनींच्या रेघेच्या पातळीला लावा. तीच पातळी औषधवाल्याच्या दारात कुठे येते, तेवढं सांगा."

"पण काका, ती तर आपण सोडली ना?"

"लावा तर खरं!"

औषधवाला त्याच्या मागे धावत आला. "अरे डोकं फिरलं का तुझं? वर भाड्याने दिलेला दवाखाना सोडून जाईल माझा! आणि अकराही तुझ्याच हातच्या आहेत, विसरलास? आधी तूच अडकशील!"

"अडकेन."

दुकानाच्या दारात त्याने स्टूल टेकवलं. गेल्या कित्येक वर्षांत या दारात त्याला स्टूल लागलं नव्हतं. तो चढला. ब्रश जुन्या रेघेशी धरला.

"इथं?"

"नाही. वर."

त्याने हात छातीशी आणला.

"वर, काका."

ब्रश डोळ्यांसमोरून गेला, डोक्यावरून गेला. बाईंचा आवाज आता सकाळसारखा राहिला नव्हता.

"अजून वर."

शटरच्या वरची पाटी त्यानेच रंगवलेली होती. तिच्या खालच्या कडेला ब्रश टेकला. तो चवड्यांवर उभा राहिला.

"अजून?"

बाईंनी यंत्रावरचा डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला.

"बस. इथं."

त्याने रेघ ओढली. रंगाचा एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला. खाली औषधवाला मान वर करून बघत होता. गल्लीच्या वरच्या टोकाला वहिनी चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

पेंटर उतरला आणि स्टूल घेऊन शेजारी गेला. शिंप्याचं दार तोवर आतून लागलं होतं. पुढची दारंही एकेक करून लागत होती.

त्याने बंद दारापुढे स्टूल ठेवलं आणि वर चढला.

"सांगा, मॅडम."