बायनाबाईची तक्रार आली नाही

बायनाबाईनं सांगायचं तेव्हा सांगितलं होतं. संघप्रियानंच ते हसण्यावारी नेलं.

मागच्या उन्हाळ्यात कोसमटोल्याला म्हातारीच्या ओसरीवर बसून संघप्रियानं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं रेकॉर्ड केलं. मशीन बंद केली तशी म्हातारी म्हणाली, "नेऊन तं राह्यली माहा आवाज. पर एक सांगतो, आयक. आवाज घरोघरी फिरला का मानसाले कोनी पुसत नाई. लोकं म्हनतीन, बुडी गाऊन राह्यली, म्हंजे बुडी चांगली हाय. मंग माह्या दारात कोन येईन?"

"अवो आजी, उलटं होईन. सारा मुलूख ओरखन तुले."

"ओरखनं येगरं अन् पुसनं येगरं," म्हातारी म्हणाली आणि चुलीवर चहा ठेवायला आत गेली.

संघप्रियाचा बांधी रेडिओ म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावरचं बचत गटाचं जुनं गोदाम. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक खिडकी, एक माईक. सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत ऐकू जायचा. कोणत्या टोल्याचा नळ बंद आहे, कोणत्या वाटेवर वाघाचे पाय उमटलेत, लस टोचणारी बाई कधी येणार, सगळं संघप्रिया सांगायची. श्रावणात बाया धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला रेडिओ टांगून रोवणा करायच्या. दहाच्या ठोक्याला बायनाबाईचं गाणं लागायचं आणि साऱ्या बांध्यांतून, भाताच्या खाचरांतून, बाया तिच्यामागं म्हणायच्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी बायनाबाईचा फोन ठरलेला.

"काटलंस ना आजबी?"

गाण्याचं शेवटचं कडवं म्हणजे बायांची मोजदाद. एकेकीचं नाव घ्यायचं, नाव घेतलेलीनं ओ द्यायची. चिखलात मागं कोणी राहिली नाही ना, हे पाहून मगच धुऱ्यावर चढायचं. संघप्रियाला ते लांबण वाटलं होतं. बातम्यांना वेळ पुरेना, म्हणून तिनं तेवढं कडवं काढून टाकलं. म्हातारीनं त्याची तक्रार एक दिवस चुकवली नव्हती.

त्या सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही आला नाही.

संघप्रियाची लेक मैत्री सात महिन्यांची. तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजायची सवय लागल्यापासून संघप्रियाला कुठलंही गप्प राहणं सोसत नसे. सासू गिरजाबाई म्हणायची, "तुह्या जीवाले घोर लावायले येक पान हाललं तरी पुरते." तरी मंगळवारी दुपारी तिनं म्हातारीचा नंबर लावला.

उचलला एका पुरुषानं.

"कोन?"

"रेडिओवरून संघप्रिया बोलतो. आजी कुठी हाये?"

"मी पोचू. घरी हाये ते. दहा वाजताच तं तुह्याच रेडिओवर गाऊन राह्यली होती," म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

पोचू म्हातारीचा पुतण्या. म्हातारी घरी आहे, मग तिचा फोन याच्या हातात कसा? संघप्रियानं पुन्हा लावला तर बंद. रात्रभर मैत्रीनं तिला झोपू दिलं नाही, की तिनं मैत्रीला, कोण जाणे. बुधवारी अकराला तिची माईकवरची पाळी संपली तशी पोरीला सासूच्या मांडीवर दिलं आणि स्कूटी काढली.

कोसमटोल्याच्या अलीकडंच रुखमाबाईची टोळी बांधीत वाकलेली होती. रुखमाबाई रोवणारणींची म्होरकी, जिभेनं तिखट. गुडघाभर चिखलातूनच ती ओरडली, "काय वो, आज रेडिओ पायानं आला?"

"बायनाबाई दिसली का दोन दिवसांत?"

"ते कायले येते बांधीत? गुडघे गेले तिचे. रोज आयकतो ना तिले, पुरे नाई का?"

"दिसली का, ते इचारून राह्यलो, बाई."

रुखमाबाईनं कमर सरळ केली. पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी हातात तशीच. मग दोन पावलं जवळ येऊन आवाज खाली आणला. "मी काई म्हनलो असं सांगू नको. पर पोचूचा डोरा हाय तिच्या रस्त्यावरच्या बांधीवर. सही दे म्हून मांगं लागला होता. दिवारीत भांडन बी झालं."

पलीकडच्या बांधीत पोचू बैलांमागं लाकडी पाटा धरून चिखल करत होता आणि चिखल करता करता इकडंच बघत होता.

"पर तू घाबरू नको," रुखमाबाई म्हणाली. "सकारीच तिच्या घरातून आवाज आयकला मी. काल बी आयकला. रेडिओ चालू होता तिचा."

"सकारी म्हंजे कवा?"

"पऱ्हे उपटायले निंगालो तवा. दिवस निंगून घडीभर झाला असंन."

"सात वाजता?"

"असंन सात."

संघप्रियानं मनात हिशेब केला. रेडिओ नऊला सुरू होतो. सात वाजता तो मुका असतो. ती रोज स्वतःच्या हातानं त्याचं बटण दाबते.

"पोचूभाऊ," तिनं हाक मारली, "आजीचा फोन तुमच्याजवर कसा आला?"

पोचूनं बैल थांबवले. "माहा चिखलात पडला, रविवारी. दोन दिसांसाठी मांगून घेतला तिचा. काऊन?"

"कालपासून बंद काऊन हाये मंग?"

"चार्जिंग नाई. लाइन कुठी हाये?" त्याचा चेहरा आंबट झाला. "तू पोलीस हायेस का वो?"

"तिच्या घरी चला."

"पाटा सोडून?"

"सोडून."

तो आला. चालताना संघप्रिया मुद्दाम त्याच्या मागं राहिली. त्याच्या हातात तुतारी, बैलांना टोचायची अणकुचीदार काठी, होती, तिच्यावरून तिची नजर हटेना. दाराची कडी आतून लावलेली होती. "गेली असंन कुठी," पोचू म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आतून कडी लावून कोणी कुठं जात नाही. तुतारी तिथंच टाकून तो मागच्या कुडावरून आत उतरला.

बायनाबाई न्हाणीजवळ आडवी पडली होती. सोमवारी पहाटे पाय घसरला, खुब्यात मोडलं, उठता येईना. कौलाच्या गळतीखाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेला होता, हात पोचत होता तेवढं पाणी ती प्यायली. खुंटीवरचा सेलचा रेडिओ रविवारपासून चालूच राहिला होता, त्यावर दुपारच्या बातम्या लागल्या होत्या.

पोचूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रोज आयकत होतो वो मी तुले, काकी. म्हून तं आलो नाई," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. संघप्रियाला त्याच्याकडं बघवेना. अर्ध्या तासापूर्वी ती त्याच्या हातातली तुतारी बघत होती.

म्हातारीचे ओठ फाटले होते. "रुखमी गेली दारावरून," ती थांबत थांबत म्हणाली. "दोनदा गेली. मी हाक मारली. ते दुसरीले म्हने, बायनाबाईचा रेडिओ वाजून राह्यला."

मग तिला संघप्रिया दिसली.

"काटलंस ना आजबी?"

गाडी आली, म्हातारीला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. पाय जोडला. चालेल की नाही ते दिवाळीनंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. पोचू बांधी अर्धी सोडून तिच्या खाटेपाशी बसला. रोवणा मागं पडला त्याचा.

गुरुवारी संघप्रियानं साठवलेल्या आवाजांची यादी काढली. गाणारे, गोष्टी सांगणारे, जुन्या रोगराईच्या आठवणी सांगणारे, सगळे साठीच्या पुढचे. एकेकाला फोन लावला. नाव घेतलं, ओ आली की पुढचा. कोणी खोकत बोललं, कोणी रागावलं, कोणी जेवायला ये म्हणालं. एकाचाच लागला नाही.

दहा वाजले. बांध्यांमधून बाया गाण्याची वाट बघत होत्या. तिनं गाणं लावलं नाही. माईक जवळ ओढला.

"मी संघप्रिया बोलतो. बायनाबाईचं काय झालं ते आता साऱ्यांले माहीत हाये. तिनं मले आधीच सांगतलं होतं, मी आयकलं नाई. आज गानं नाई. आज येकच काम हाये. मोहटोल्याले नदीकाठी आखरी घर लटारूभाऊंचं. जाळं कसं इनते, ते त्यायनं मागच्या मंगरवारी तुमाले रेडिओवरून सांगतलं, तुमी आयकलं. ते बोलनं होरीच्या सनाच्या टायमाले भरून ठेवलेलं होतं. सकारपासून त्यायचा फोन लागत नाई. जो कोनी जवर असंन, हातातलं ठेवा अन् जा. दारातूनच हाक मारून वापस येऊ नका. आत जाऊन पाहा, अन् मले कळवा."