चार ठोके मोकळे

बारक्या, माझा धाकटा भाऊ, गाताना ओळीचा शेवट गिळायचा. रॅप करणाऱ्याला ही खोड परवडत नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. गेल्या थंडीत कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. मागे एक गाणं राहिलं, तेही अर्धवट.

आमचा स्टुडिओ म्हणजे माझी खोली. कपड्यांच्या कपाटात माईक, दाराला दोन रजया, आणि माईकवर फुंकर आदळू नये म्हणून तारेच्या कडीवर ताणलेला माझा जुना मोजा. एरवी मी इथे लोकांच्या जाहिरातींचे आवाज साफ करते, त्यावर माझं पोट चालतं. बारक्याचं काम फुकटात, वर रुबाबही त्याचाच.

गाणं पूर्ण कर म्हणून बाबा मागे लागले. बाबांचं सलून आहे. तिथे दिवसभर गिऱ्हाइकांशी टकळी चालू, आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. आई गेल्यापासून बापलेकांत ‘जेवलास का’च्या पलीकडे बोलणं नव्हतं. बाबांच्या खुर्चीत बसायला नको म्हणून पठ्ठ्याने केस खांद्यापर्यंत वाढवले होते.

"दुकानात लावीन," बाबा म्हणाले. "लोकांनी ऐकलं पाहिजे."

तिथेच माझी पंचाईत झाली. गाण्यात या दोन ओळी होत्या:

बाप घरात असतो, पण बाप भेटत नाही,
मी मेलो तरी त्याला काही वाटत नाही.

त्यानंतर बारक्याने चार ठोके मोकळे सोडले होते. नुसतं संगीत, शब्द नाही. लिहिलं तेव्हा तो रागात होता. आणि हे सलूनमध्ये, चार लोकांदेखत वाजणार? मी दोन्ही ओळी कापल्या, पुढचं मागे ओढलं आणि सांधा असा बसवला की पट्टीच्या कानालाही कळू नये.

दुपारी जेवण झाल्यावर बाबांना हेडफोन दिले. डोळे मिटून ते ऐकत राहिले, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. गाणं संपलं तसे हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"दोन ओळी कमी आहेत."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"पोरी, तुम्ही दोघं आठवडाभर त्या ओळी घोकत होतात. मी पलीकडे जेवत होतो. भिंत काय लोखंडाची आहे?"

"रागात होता हो तो, बाबा. मनात तसं नव्हतं त्याच्या."

"त्याच्या मनातलं तू नको सांगू. त्याने म्हटलंय ते ठेव."

ठेवलं. पण शेवट गिळलेलेच होते, ‘नाही’ ऐकूच येईना. यावर उपाय एकच असतो. ओळीचा शेवट पुन्हा एकदा म्हणून घ्यायचा आणि तो दुसरा आवाज मूळ आवाजाखाली हलकेच ठेवायचा. बारक्या तो ‘उद्या देतो’ म्हणाला होता, ते राहूनच गेलं. मी स्वतः म्हणून पाहिलं, तर शाळेतली बाई दटावतेय असं वाटलं.

"मी म्हणतो," बाबा म्हणाले. "मला पाठ आहे."

कपाटात बारक्याचे शर्ट अजून टांगलेले होते. ते खांद्याने बाजूला सारत बाबा माईकपुढे उभे राहिले. ‘भेटत नाही’ लवकर जमलं. ‘वाटत नाही’ मात्र येईना. एकदा घाईने आलं, एकदा आवाज फाटला, एकदा ते नुसतेच उभे राहिले.

"बाबा, हवं तर शब्द बदलू या."

"गाणं त्याचं आहे. मी कोण बदलणारा?"

पुन्हा लावलं. या वेळी बाबांनी ते म्हटलं, बारक्याच्या लयीत, एका दमात, जसंच्या तसं. बाहेर आले, चपला घातल्या आणि दुकान उघडायला निघून गेले.

त्यांचा आवाज साफ करायला बसले. ‘वाटत नाही’ संपल्यावर शर्ट सळसळल्याचा आवाज होता. असलं मी न बघता छाटते. हात पुढे गेलाच होता, तेवढ्यात अगदी हळू, माईकपासून तोंड वळवून बोललेलं ऐकू आलं. "वाटतं रे राजा. फार वाटतं."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. कितीतरी वेळ.

मग मी ते उचललं आणि चार ठोक्यांच्या त्या मोकळ्या जागेत ठेवलं. बरोब्बर बसलं. संध्याकाळी बाबा आले, त्यांना ऐकवलं. ते उभ्यानेच ऐकत होते.

"हे काढ."

"राहू दे ना, बाबा. लोकांना कळू दे."

"लोकांशी मी दिवसभर बोलतोच की. हे त्याच्याशी बोललो होतो."

काढलं. जागा पुन्हा मोकळी केली.

आता सलूनमध्ये गाणं रोज वाजतं. त्या ओळी आल्या की बाबांची कात्री थांबते आणि चार ठोके झाल्यावर पुन्हा चालू लागते. गिऱ्हाइकं समजतात, ते केसांची लांबी बघतायत.