‘तो’ म्हणजे कोण?

मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि आवाजही घोगरा झाला आहे. मी एक जुना मोबाइल आहे. पण जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एका मोठ्या कारखान्यात हजारो भावंडांसोबत मी तयार झालो आणि खोक्यात बसून बुऱ्हाणपूरला आलो. इथल्या बाजारातून प्रभाकररावांनी मला त्यांच्या मुलासाठी, तुषारसाठी घेतलं. तुषार कॉलेजात होता तोवर मी त्याच्या खिशात राहिलो. मग त्याला इंदूरला नोकरी लागली. त्याने नवा फोन घेतला आणि मला आपल्या आईकडे, वंदनाताईंकडे दिलं. ते माझे सुखाचे दिवस! वंदनाताई मला ओट्यापासून लांब, स्वच्छ रुमालावर ठेवत. माझ्यामुळे तुषार रोज दिसतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तुषारचा शाळेपासूनचा मित्र गौरव हा जवळच्या जसोंडी गावचा. इंदूरला दोघं एकाच खोलीत राहत, एकाच ऑफिसात जात. गौरवची आई मालूबाई केळीच्या बागेत राबणाऱ्या. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, त्यात चेहरा दिसत नसे. म्हणून बाजाराला आल्या की मालूबाई वंदनाताईंकडे येत आणि माझ्या काचेत आपल्या मुलाला पाहत. जाताना मला पदराने पुसत.

त्या दिवशीही मालूबाई आल्या होत्या. चहा झाला होता. तेवढ्यात मी वाजलो. मुलांच्या ऑफिसातल्या दिगंबरचा निरोप होता. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, त्या सवयीने दिगंबरने हा निरोपही इंग्रजीतच लिहिला होता. तुषारच्या धाकट्या बहिणीने, गायत्रीने, मला हातात घेतलं आणि मराठीत सांगू लागली.

"तुषार गौरवला घेऊन गाडीवर येत होता. ट्रकने उडवलं. तो जागीच गेला. त्याला दवाखान्यात नेलंय."

निरोप तिथेच संपला होता.

"कोन तो?" मालूबाईंनी विचारलं.

गायत्रीने पुन्हा वाचलं. इंग्रजीत ‘ही’ लिहिलं होतं, पुढे ‘हिम’. पहिल्या वाक्यात नावं दोन आणि नंतर एकही नाही. मित्रांनो, ती अक्षरं माझ्याच काचेवर उमटली होती, तरी गेला तो कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं.

प्रभाकरराव दिगंबरला फोन लावत राहिले. दिगंबर उचलेना. दोन्ही मुलांचे फोन बंद. दोघी आया एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या, पण एकमेकींकडे पाहत नव्हत्या. एकीचा वाचला असेल तर दुसरीचा गेला, हे दोघींना कळत होतं. वंदनाताईंच्या ओठांवर देवाचं नाव आलं आणि तिथेच अडलं. मागायचं तरी काय?

अखेर दिगंबरचाच फोन आला. प्रभाकररावांनी ऐकून फोन खाली ठेवला.

"तुषारचा पाय मोडलाय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

वंदनाताईंना रडू फुटलं. ते सुटकेचं आहे, हे ध्यानात येताच त्यांनी पदर तोंडात कोंबला. मालूबाई मात्र रडल्या नाहीत.

"त्याच्यात गौरवचं नाव कुठं लिहिलंय?" त्या गायत्रीला म्हणाल्या. "नाव नाही तर मी कशी मानू?"

जसोंडीला पोचेपर्यंत मालूबाई तेच म्हणत होत्या. इंदूरहून गाडी अंगणात आली, तेव्हाही त्यांनी दारात उभं राहून विचारलं म्हणे, की कोणाला आणलंय.

काही दिवसांनी दिगंबर वंदनाताईंकडे भेटायला आला. मालूबाईही आल्या होत्या. निरोप घाईत लिहिला होता, असं दिगंबर मान खाली घालून सांगत होता. गौरव त्याच्या डोळ्यांसमोर होता, म्हणून नाव लिहायचं सुचलंच नाही. कोणी त्याला रागावलं नाही. मालूबाईंनी मात्र मला उचलून त्याच्यापुढे धरलं.

"परत लिही," त्या म्हणाल्या. "नाव घालून."

दिगंबरने एक एक अक्षर दाबून मराठीत लिहिलं, ‘गौरव गेला.’ गायत्रीने ते वाचून दाखवलं. तेव्हा कुठे मालूबाईंना रडू आलं.

त्यानंतर मला कोणी फारसं हातात घेतलं नाही. तुषार काठी टेकत घरी आला आणि त्याने आईला दुसरा फोन आणून दिला. मी कपाटात पडून आहे. माझा कोणावर राग नाही. माझ्याकडे पाहिलं की त्यांना काय आठवत असेल, हे मला कळतं. बाहेरच्या खोलीत गायत्री मुलांना इंग्रजी शिकवते. एखाद्याने ‘ही’ किंवा ‘शी’ लिहिलं आणि माणसं दोन असली, की ती मुलाला थांबवून विचारते, "कोण? नाव सांग."

मित्रांनो, मला पुन्हा चार्ज करा असा माझा हट्ट नाही. पण इंग्रजीत लिहा की मराठीत, लिहून झालं की परक्यासारखं एकदा वाचा. घोटाळा होईलसं वाटलं, तर नाव पुन्हा लिहा. ‘तो’ कोण, हे तुमच्या डोळ्यांसमोर असतं. वाचणाऱ्यासमोर फक्त तुमची अक्षरं असतात, आणि वाचणारी कदाचित त्याची आई असते.