हातून आलेला रोग

शिट्टीबाईंनी पान तोडलं नाही. देठाखाली बोट घालून नुसतं उचललं, उन्हाकडे धरलं आणि चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ पाहत राहिल्या. टोमॅटोचं ते पान कुठे गडद हिरवं, कुठे फिकट पिवळं पडलं होतं, कच्च्या रंगाचं कापड पहिल्याच धुण्यात विटावं तसं. शेंड्याकडची पानं तर आक्रसून दोऱ्यासारखी बारीक झाली होती.

"मावा असेल," मास्टर म्हणाले. "साबणाचं पाणी मारतो आजच."

"मावा?" शिट्टीबाईंनी पान उलटं केलं. "एक किडा दाखवा. एक."

किडा असता तर मास्टरांनी दाखवला असता. जन्म शिवणकामात गेला म्हणून सगळं जग त्यांना मास्टर म्हणायचं; भाजीच्या बाबतीत मात्र ते अजून बालवाडीत होते. शिट्टीबाईंचं तसं नव्हतं. शाळेत मुलांना कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या, शिट्टी शाळेत राहिली आणि नाव तेवढं मागे लागून आलं. पाण्याच्या टाकीमागच्या या भाजीबागेचा कारभार आता त्यांच्याकडे होता. घराघराला एकेक तुकडा दिलेला, आणि आपल्यालाही मिळावा म्हणून माणसं कधीची नंबर लावून होती. बाईंच्या नजरेतून साधं तण सुटत नसे, मग रोग कुठला सुटायला?

"हा मोझॅक आहे, मास्टर, तंबाखूतून येणारा रोग. किड्यानं नाही, हातानं आलाय. सिगरेट ओढायची आणि त्याच बोटांनी फांद्यांच्या बेचक्यातले फुटवे खुडायचे. बोटातून झाडात, त्या झाडातून पुढच्या झाडात."

"आणि तिथून माझ्या झाडात," शेजारच्या तुकड्यातून पोस्टमन म्हणाला. नोकरी सुटून वर्षं झाली तरी पत्ता न विचारता कुठेही शिरायची त्याची सवय गेली नव्हती. "माझी कडेची झाडं बघा. हे टपाल कोणी पाठवलं म्हणायचं?"

शिट्टीबाईंनी आवाज खाली आणला. "पुन्हा सुरू केलीत का?"

मास्टरांचे कान तापले. "नाही."

फाटकावर लिहिलेलंच होतं: आत तंबाखू आणली आणि त्यातून रोग पसरला, तर तुकडा परत. छातीचं ऑपरेशन झाल्यावर मास्टरांनी दुकान विकलं, मशीन विकलं, सिगरेट सोडली. राहिला होता हा तुकडा. माणसाला सकाळी उठायला काहीतरी निमित्त लागतं, त्यांना हे होतं. ते गेलं तर दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं.

त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. झारी धरून ती बांधावर उभी होती. आता भडका उडणार, चारचौघांत आपली चामडी सोलणार, म्हणून ते अंग चोरून उभे राहिले.

"ते ओढत नाहीत," ती म्हणाली. एवढंच.

"वहिनी, तुम्ही तसंच म्हणणार. संध्याकाळी सगळ्यांना बोलावते. काय तो सोक्षमोक्ष तेव्हाच लावू."

अवजारांच्या खोलीत मास्टरांनी बायकोपुढे दोन्ही पंजे धरले.

"वास घे. घे की."

"नको."

"विश्वास नाही?"

"आहे. माहीत आहे मला, तुम्ही नाही ओढलीत." तिनं झारी उपडी घातली, चपला झटकल्या आणि ती घरी निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मास्टरांना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण हीच ती बाई, जी आयुष्यभर संध्याकाळी त्यांचे खिसे उलटे करायची, बाहीचा वास घ्यायची, एका थोटकावरून आठवडाभर अबोला धरायची. तिनं आज साधं बोट हुंगून पाहू नये? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्याशाची बायको स्वयंपाकाला निघून गेली होती.

ते परत झाडांकडे आले. रोग होता त्यांच्या मागच्या ओळीत. पुढची ओळ ठणठणीत, पानं कशी तकतकीत. पाणी तेच, माती तीच, रोपंही एकाच ट्रेमधली. मग एकाच ओळीनं काय घोडं मारलं होतं? ते गुडघे धरत खाली बसले आणि काठ्यांना झाडं बांधलेल्या चिंध्यांवर त्यांची नजर गेली.

चिंध्या दुकानातल्याच, उरलेल्या कापडाच्या. पुढच्या ओळीतल्या गाठी चपट्या, टोकं सारखी कातरलेली, त्या त्यांच्या. मागच्या ओळीत चिंधीला वेढे देऊन टोक आत दडपलेलं, बटणाखालचा दोरा संपवतात तसं. दुकानाचं काज-बटण सगळं बायको करायची. हजार शर्टांतून तिनं लावलेलं बटण त्यांनी ओळखून दाखवलं असतं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली म्हणून मागची खालची ओळ तिनं बांधली होती, फुटवेही तिनंच खुडले होते.

आजारी झाडांवर एकही गाठ त्यांची नव्हती.

काहीतरी अगदीच वेड्यासारखं मनात आलं, म्हणून त्यांनी ते झटकलं. पण झटकलेलं जाईना. कपडे काढायला गच्चीवर जायची आणि तासभर उतरायची नाही. तोंडात सदा पेपरमिंट. विचारलं तर म्हणायची, घसा बसलाय. आणि ऑपरेशनच्या दिवशी त्यांचे कपडे तिच्याच हातात दिले होते, शर्टाच्या खिशात नवं कोरं पाकीट होतं. फेकून दिलं, असं ती म्हणाली होती.

आधी त्यांना राग आला, आणि चांगलाच आला. माझे कान किटवलेस, मला पोरांसमोर चोर ठरवलंस, आणि आता तू? मग राग कुठेतरी ओसरला आणि उरली ती भीती. एवढं कसलं दुःख होतं हिला, आणि ते आपल्याला कळलंसुद्धा नाही?

संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले. बायको येऊन बाकाच्या टोकाला बसली. शिट्टीबाईंनी रोगट फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टेबलावर ठेवली होती.

"मास्टर, सरळ विचारते. तुमच्या तुकड्यात तुम्हा दोघांशिवाय कोणी हात घालत नाही. तुम्ही नाही म्हणता. मग कोण?"

"आता काय, वहिनी ओढतात म्हणायचं?" पोस्टमन म्हणाला, आणि शेड हसली.

"हो," बायको म्हणाली. "मी ओढत होते."

मग हसू आणखीच वाढलं. मागून कोणीतरी म्हणालं, बायको असावी तर अशी. पोस्टमननं तर हात जोडले. ती उभी राहिली, तिची मान ताठ होती, पण हाताची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"खरं सांगतेय मी."

"बसा, वहिनी," शिट्टीबाई मऊ आवाजात म्हणाल्या. एवढा मऊ आवाज त्यांच्याकडे आहे हे कोणाला माहीत नव्हतं. "नवऱ्यावर किती पांघरूण घालायचं त्यालाही मर्यादा असते. मास्टर, तुम्ही बोला. तुम्ही म्हणालात की वहिनी ओढतात, तर मी मानेन. त्यांची पहिलीच चूक म्हणून तुकडा राहील, झाडं तेवढी उपटू; तुम्हाला मात्र तुकडा देतानाच बजावलं होतं. बोला."

सगळे मास्टरांकडे पाहत होते. बायकोही पाहत होती. म्हणा, असंच तिचे डोळे सांगत होते. एक शब्द पुरला असता, आणि तो खराही होता. पण पोस्टमनच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, आणि मास्टरांना दिसत होतं की त्या एका शब्दानंतर ते कसल्या हसण्यात बदलेल, दळणाच्या रांगेत, जिन्यात, हिच्या पाठीमागे, जन्मभर.

"ती कशाला ओढेल?" मास्टर म्हणाले. "मीच ओढली."

त्यांनी खिशातून फाटकाची किल्ली काढली आणि पिशवीशेजारी ठेवली. शिट्टीबाईंनी ती लगेच उचलली नाही.

घराकडे जाताना ती एक पाऊल पुढे, ते मागे, नेहमीसारखे. कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी ती थांबली.

"कशाला केलंत? मी सांगितलं होतं ना खरं."

"ऐकलं का कोणी?" ते धाप घेत म्हणाले. "का ओढलीस, ते सांग आधी."

"तुम्ही आत होतात. मला आत सोडत नव्हते." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "पाकीट हातात होतं. पेटवली एक. नुसती धरली होती, ओढायची म्हणून नाही. तुम्ही शेजारी बसल्यासारखं वाटलं. मग लागली सवय."

"अगं, पण मी आलो ना घरी."

"आलात. पण दवाखान्याच्या साबणाचा वास घेऊन आलात. रात्री कूस बदलली की वाटायचं, कोण झोपलंय हे? मला घरात तुमचा वासच सापडेना." ती ओशाळल्यासारखी हसली. "जन्मभर ज्या वासापायी तुमच्याशी भांडले."

"अजून ओढतेस?"

"नाही. झाडं बांधली ना, त्या आठवड्यात शेवटची."

"का सोडलीस?"

तिनं त्यांचा हात हातात घेतला, दिवसभर पानांत राबून हिरवा-काळा झालेला, आणि नाकाशी नेला. डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"तुम्हाला टोमॅटोच्या पाल्याचा वास यायला लागला होता," ती म्हणाली. "आता कुठे ओळखीचा होत होता."